दोन बाणांचा पडदा

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे गुंडी म्हणतात, कारण लहानपणी तिने बाबांच्या दुकानातली कोटाची गुंडी गिळली होती. गिळून गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ही बया भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, दोन्ही हात वर करून ओरडली, "बाबा, मी गुंडी खाल्ली! आता काय करायचं?" बाबांच्या हातातली कात्री गळून पडली, आईने कपाळावर हात मारून घेतला आणि कोटाचं माप द्यायला आलेले डॉक्टर हसता हसता खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले. डॉक्टर समोरच होते, त्यामुळे तपासणीही तिथेच झाली. "बघ," गुंडी अजून मला ऐकवते, "सांगितलं म्हणून लगेच डॉक्टर मिळाला."

मी तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं गल्लीतला कुणीही सांगेल. सांगू दे. शिस्त कुणीतरी ठेवायलाच हवी ना? बाबा गेल्यावर दुकान मी सांभाळलं. मापं मी घेतली, मशीन बिघडली तर तीही मीच उघडली. इतक्या वर्षांत माझ्या कामात चूक आहे असं म्हणायची एकाचीही हिंमत झाली नाही. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

कधीमधी एखादा कोट, पण आमचं मुख्य काम म्हणजे उशांचे अभ्रे, सोफ्यांची कव्हरं, खिडक्यांचे पडदे. बाबांची एकच इच्छा राहून गेली होती, ती म्हणजे एकदा तरी रंगमंचाचा पडदा शिवायचा. "खिडकीचा पडदा लोक ओढून घेतात," ते म्हणायचे, "रंगमंचाच्या पडद्याकडे लोक टक लावून बसतात." आमच्या रस्त्याच्या टोकाला नाट्यगृह आहे. दुरुस्तीसाठी ते कित्येक वर्षं बंद होतं, त्यामुळे इच्छा इच्छेच्या जागी राहिली.

मग एके दिवशी नाट्यगृहाच्या व्यवस्थापक बाई दुकानाची पायरी चढून आल्या. नाट्यगृह पुन्हा उघडणार होतं आणि पडदा हवा होता. लालभडक मखमलीचा, दोन भागांचा, मधोमध उघडणारा.

"मी स्पष्ट बोलते," बाई म्हणाल्या. "कारखान्यात एक तयार पडदा पडून आहे. राखाडी. मला तो डोळ्यासमोर नको, पण मी त्यांना सांगून ठेवलंय. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी त्यांची गाडी येईल. तुमचा जमला तर गाडी परत पाठवीन. नाही जमला तर राखाडी लावीन. मला वाईट वाटेल, पण लावीन."

"गाडी कशाला बोलावताय उगाच?" मी म्हटलं. "आमचा पडदा लागणार."

गुंडी मागून म्हणाली, "बोलावून ठेवा हो बाई. असलेली बरी."

मी तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जागच्या जागी विरघळली असती. गुंडी काकडी खात होती, ती खात राहिली.

आता मखमलीबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ सरकतो, उलट फिरवला तर अडखळतो. पडदा करताना लव खाली वळती ठेवायची, म्हणजे धूळ धरत नाही. आणि सगळे पट्टे एकाच दिशेला हवेत. पट्टा उलटा लागला की तोच लाल रंग काळपट दिसतो. म्हणून आमच्या दुकानाची एक रीत आहे. पट्टा कापला रे कापला की मागच्या बाजूला खडूने बाण काढायचा. बाबांनी शिकवलेला. बाण बघायचा आणि शिवायचं, डोकं चालवायचं नाही.

एरवी एक पडदा एकीनेच कापायचा, पण हा पडला अवाढव्य, म्हणून डाव्या भागाचे पट्टे मी कापले, उजव्या भागाचे गुंडीने. शिवले मात्र सगळे मी. लांब सरळ शिलाई गुंडीच्या हाती दिली तर ती मध्येच गाणं आठवलं म्हणून थांबते. बाण एका दिशेला लावले, पट्टे जोडत गेले, वर पितळी कड्या ठोकल्या, खाली वजनाला साखळी घातली. आमची खोली एवढीशी, दोन्ही भाग शेजारी पसरून बघायला जागाच नव्हती. एक झाला की गुंडाळायचा, मग दुसरा. आई कोपऱ्यात बसून हाताने टिपा घालत होती. मध्येच ती म्हणाली, "एकदा हात फिरवून बघा गं पोरींनो."

"बाण आहेत की, आई," मी म्हटलं. आणि विषय संपला. मी बोलले की विषय संपतो आमच्या घरात.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी पडदा चढवला. सुतारांनी दोर ओढले, दोन्ही भाग मधोमध येऊन भेटले. मी पहिल्या रांगेच्या समोर कमरेवर हात ठेवून उभी. गुंडी शेजारी, बाई तिच्या शेजारी. मागच्या खोलीतून दिवेवाल्या काकांनी सगळे दिवे लावले.

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

डावा भाग लालभडक, नजर ठरत नव्हती. उजवा भाग काळपट, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचा. दोन दुकानांतून दोन पडदे आणून टांगावेत तसा सगळा प्रकार. सुतार शिडीवरच थांबले. कुणीतरी घसा खाकरला.

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "दिवे चुकीचे लावलेत."

दिवेवाले काका मागच्या खोलीतून तरातरा खाली आले. "काय म्हणालात?"

"उजवीकडे प्रकाश पोचत नाहीये. दिसत नाही का?"

"अहो, मी तुमच्या वयाइतकी वर्षं दिवे लावतोय!"

"मग डोळे तपासून घ्या!"

झालं. आमची चांगलीच जुंपली. मी बोलत होते आणि आतल्या आत पुढची थाप शिजवत होते. दिवे नाही पटले तर मखमलच खराब आली म्हणायचं. तेही नाही पटलं तर भिंतीच्या रंगावर ढकलायचं. डोकं नुसतं भणभणत होतं. बाईंनी पिशवीतून फोन काढला. कारखान्याला लावणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात गुंडी रंगमंचावर चढली. एक तळवा डाव्या भागावर फिरवला, दुसरा उजव्या भागावर. मग वळली, आणि देवाशप्पथ सांगते, दोन्ही हात वर केले.

"बाई, दिवे बरोबर आहेत. काका, तुमचं काही चुकलं नाही. पडदा चुकलाय. अर्धा उलटा शिवलाय आम्ही. आता काय करायचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पायऱ्या चढून तिचा दंड धरला आणि तिला पडद्यामागे ओढलं.

"अक्कल गहाण ठेवलीस? भर लोकांत?"

"मग काय, लपून सांगू? ताई, पडदा केवढा आहे बघ. हा कुठे लपणार आहे?"

"आणि उलटा तुझा भाग आहे! तुझे बाण चुकले!"

तिने पडद्याची कड उलटी केली. "हा बघ माझा बाण. पडद्याचं वरचं टोक जिकडे, तिकडे. बाबांनी असाच शिकवला."

"काहीतरीच! बाण म्हणजे हात जिकडे मऊ सरकतो ती दिशा. म्हणजे खाली. मला बाबांनीच शिकवलं!"

मी डाव्या भागाची कड उलटी करून बघितली. माझा बाण खाली, तिचा वर, आणि मी सगळे खाली धरून शिवलेले. तिचा एकूण एक पट्टा डोक्यावर उभा केला होता मी, माझ्या या हातांनी.

मी बाहेर येऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीत धप्पकन बसले. उजवा भाग नुसता उलटा टांगावा म्हटलं तरी सोय नव्हती. वरची कड्यांची किनार कापली तर पडदा तोकडा पडणार आणि खालून नटांचे पाय दिसणार. नवं कापड आणायला वेळ नव्हता.

पण एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमत वाटली नाही, आता वाटते. थापा शिजवायचं काम एकदम संपलं. गुंडीने सगळं बोलून टाकलं होतं, झाकायला काही उरलंच नव्हतं. डोक्यातली भणभण थांबली. आणि सकाळपासून पहिल्यांदा मी त्या पडद्याकडे नीट बघितलं.

दिवेवाल्या काकांचा पाराही उतरला होता. त्यांना बरोबर म्हटलं ना कुणीतरी! "थांबा," ते गुंडीला म्हणाले, "मी बाजूने दिवा टाकून बघतो, फरक लपतो का." त्यांनी बाजूचा दिवा लावला. फरक लपला तर नाहीच, दुप्पट उठून दिसला. पण मधोमध, जिथे दोन्ही भाग एकमेकांवर चढले होते, तिथे चुण्या एकमेकींत शिरल्या होत्या. लाल, काळपट, लाल, काळपट. तेवढाच हातभर भाग. आणि तो इतका देखणा दिसत होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई!"

"काय?" गुंडी म्हणाली.

"उसवा." मी उठून उभी राहिले. "सगळा उसवा! एक पट्टा माझा, एक तुझा. एक उजळ, एक गडद. पडदाभर. उलटं काही करायचंच नाही, नुसती अदलाबदल!"

गुंडीने डोळे मिटले, मनातल्या मनात पडदा बघितला आणि अशी किंचाळली की शिडीवरचा सुतार दचकला.

बाईंनी फोन पिशवीत ठेवला. "गाडी मी थांबवणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी ती दारात असेल. पडदा बघून ठरवीन."

"ठरवा," मी पदर खोचत म्हटलं. "चल गुंडे, आपण दोघी लागू कामाला."

"दोघींनी होणार आहे का हे?"

"मी कुणाची मदत मागत नाही."

"तू नको मागूस," ती म्हणाली, आणि तोंडाभोवती हाताचा भोंगा करून विंगेत ओरडली, "अहो, मदत हवी आहे! ज्यांना टाके उसवता येतात त्यांनी या! ज्यांना येत नाहीत त्यांनीही या, ताई शिव्या देऊन शिकवेल!"

आणि लोक आले हो! मी कधी विचारलं नव्हतं म्हणून मला माहीतच नव्हतं, की विचारलं की लोक येतात. तालमीला आलेले नट आले. राजाचं काम करणारा, एकच मिशी चिकटवलेला, मांडी घालून बसला, त्याच्या शेजारी नाटकातले सेनापती. सुतार आले. दिवेवाले काका चष्मा पुसत आले आणि माझ्याच शेजारी बसले. गुंडी घरी पळाली, हातगाडीवर मशीन घालून घेऊन आली आणि मागोमाग आईला. रंगमंचभर ती मखमल पसरली आणि सगळे तिच्या कडेने बसले.

"राजेसाहेब, टाका उसवा, कापड नाही!" मी ओरडत होते. "सेनापती, तो पट्टा फाटला तर तुम्हाला पडद्याच्या जागी टांगीन!"

सेनापती म्हणाले, "आमचे दिग्दर्शक तुमच्यापुढे गोगलगाय आहेत हो."

सगळे हसले. मीही हसले. मग मी दिवेवाल्या काकांकडे न बघता, दोरा ओढत म्हटलं, "तुमचे डोळे चांगले आहेत, काका." ते म्हणाले, "माहिती आहे मला." झालं, आमचा तह झाला.

आईने एक पट्टा मांडीवर घेतला, उलटा केला, मग शेजारचा घेतला. दोन्ही बाण बघितले. "अरे देवा," ती म्हणाली, "म्हणजे ह्यांनी तुला सांगितलंच नाही शेवटपर्यंत?"

"काय सांगितलं नाही?"

"तुझे बाबा आधी बाण खालीच काढायचे, तू काढतेस तसा. मग एकदा त्यांचाच एक पडदा उलटा झाला. वर की खाली, गोंधळ झाला. तेव्हापासून ते वरच्या टोकाला बाण काढायला लागले. गुंडी तेव्हा शिकायला बसली होती, तिला नवाच शिकवला."

"आणि मला?"

आईने दोरा दातांनी तोडला. "रोज ठरवायचे. 'आज थोरलीला सांगतो' म्हणायचे. मग तुझ्या तोंडाकडे बघायचे, आणि म्हणायचे, 'उद्या सांगतो'."

राजाची ती एकुलती मिशी थरथरली आणि सगळा रंगमंच फिदीफिदी हसायला लागला. गुंडी तर आडवीच झाली. माझे डोळे भरून आले. माझे बाबा, ज्यांनी मला कात्री धरायला शिकवलं, त्यांना माझीच भीती वाटत होती! एवढा एक बाण सांगायची भीती! मला रडू येत होतं आणि आईने केलेली त्यांची नक्कल इतकी हुबेहूब होती की हसूही आवरत नव्हतं. दिवेवाल्या काकांनी त्यांचा रुमाल पुढे केला. चष्म्याच्या धुळीने माखलेला होता, तरी घेतला मी.

"तुला नाही का भीती वाटत माझी?" मी गुंडीला विचारलं.

"वाटते की," ती म्हणाली. "पण सांगून टाकलं की तू ओरडतेस आणि संपतं. नाही सांगितलं की मला आतल्या आत किती दिवस ओरडा ऐकू येत राहतो. त्यापेक्षा हे परवडतं." एवढं बोलून ती टाके उसवायला लागली. फार काही सांगितलंय असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

संध्याकाळपर्यंत पट्टे सुटे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवर बसले. या वेळी प्रत्येक पट्टा देताना गुंडी हात फिरवायची आणि मोठ्याने सांगायची, "उजळ!" "गडद!" मीही हात फिरवायचे. बाणाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. लांब शिलाईतली अर्धी मी तिला दिली. ती मध्ये गाण्यासाठी थांबली, दोनदा. मी दातओठ खाल्ले, पण शिलाई तिची सरळ आली. खरं सांगायचं तर माझ्याहून सरळ.

शेवटची कडी अडकवतो न अडकवतो तोच मागच्या दाराशी गाडीचा भोंगा वाजला. कारखान्याची दोन माणसं राखाडी गुंडाळी खांद्यावर घेऊन आत आली आणि रंगमंचासमोर उभी राहिली. बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "दिवे लावा."

काकांनी दिवे लावले.

छतापासून जमिनीपर्यंत रुंद रुंद पट्टे उभे होते. एक पेटलेला लाल, शेजारचा खोल, गर्द. काकांनी बाजूचा दिवा हळूहळू फिरवला तसा उजळ पट्टा गर्द होत गेला आणि गर्द पट्टा उजळत गेला. पडदा जागच्या जागी उभा होता आणि तरी हलल्यासारखा वाटत होता. मी तीस वर्षं कापड हाताळते आहे. असं काही मी बघितलं नव्हतं.

गाडीबरोबर आलेल्यांपैकी एकाने खांद्यावरची गुंडाळी खाली टेकवली. "बाई," तो म्हणाला, "हा पडदा असताना आम्हाला कशाला बोलावलंत?"

बाई वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "चहा घ्या आणि परत न्या."

माझा जीव भांड्यात पडला. गुंडीने मला अशी मिठी मारली की माझ्या गळ्यातली टेप तिच्या कानातल्यात अडकली.

संध्याकाळी नाट्यगृह खच्चून भरलं. आम्ही तिघी विंगेत उभ्या. तिसरी घंटा झाली, प्रेक्षागृहातले दिवे गेले आणि काकांनी पडद्यावर प्रकाश टाकला. त्यांनी मुद्दाम तो बाजूचा दिवा फिरवला, डावीकडून उजवीकडे, सावकाश. अजून नाटक सुरू व्हायचं होतं, एकही नट समोर नव्हता, आणि टाळ्या पडल्या. पडद्याला! नुसत्या पडद्याला! आईने माझा हात घट्ट धरला. "ऐकताय ना?" ती म्हणाली, पण माझ्याशी नाही, बाबांशी.

नाटक संपल्यावर नटांनी आम्हाला ओढून समोर नेलं. राजाला आता दोन्ही मिशा होत्या. बाईंनी माझ्यासमोर माईक धरला. "सगळे विचारताहेत," त्या म्हणाल्या, "ही पट्ट्यांची कल्पना सुचली कशी?"

उत्तर जिभेवर तयार होतं. आमचं पहिल्यापासूनच असं ठरलं होतं, म्हणायचं. कोण नाही म्हणणार होतं? छान, गुळगुळीत उत्तर. मी गुंडीकडे पाहिलं. ती गप्प होती. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प उभी होती, माझ्यासाठी.

मी दोन्ही हात वर केले.

"आम्ही अर्धा पडदा उलटा शिवला होता!" मी ओरडले. माईकची गरजच नव्हती, माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. "चुकलं होतं आमचं!"

सगळीकडे हसू फुटलं आणि मागोमाग टाळ्या, पडद्याला मिळाल्या त्याहून कितीतरी जोरात. लोक उठून उभे राहिले. सेनापती शिट्टी वाजवत होते. मला इतकं हलकं वाटलं की मी पुन्हा ओरडले, "चुकलं होतं!" आणि गुंडी तिथल्या तिथे उड्या मारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर दाराशी दुसऱ्या नाट्यगृहाची माणसं उभी. त्यांनाही तसाच पडदा हवा होता, अर्धा उलटा, निळ्या मखमलीचा. मी कापड टेबलावर पसरलं, पहिला पट्टा कापला आणि खडू हातात घेतला. मग तो गुंडीपुढे धरला.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"आता तू शिकव," मी म्हटलं. "बाण कसा काढायचा ते."